नृत्य न शिकता शास्त्रीय नृत्याची चित्रं काढता येतील का? आणि त्यात अध्यात्म कसं आणायचं?

काढता येतील. काढतातच लोक. फोटो समोर ठेवून कमरपट्टा, साडीचा चुण्यांचा पंखा, केसातले सूर्य-चंद्र सगळं जसंच्या तसं रंगवतात आणि बाई मात्र अधांतरी. भरतनाट्यमची मूळ बैठक, अरैमंडी, म्हणजे नुसते वाकवलेले गुडघे नव्हेत. टाचा जवळ, चवडे आणि गुडघे बाहेर, पाठ ताठ, भार सगळा खाली. मांड्या थरथरल्याशिवाय तो भार कुठे जातो ते कळत नाही, मग रेषेत कुठून येणार?

पण लिहायला बसले ती अध्यात्मामुळे. मुंबईतल्या एका समूह प्रदर्शनात माझं चित्र होतं. क्लास सुटल्यावर भिंतीला टेकून घुंगरू सोडणारी मुलगी, अंगावर सरावाची साडी, तळवे लाल, मान खाली. एक ज्येष्ठ चित्रकार (नाव सांगत नाही) बराच वेळ बघून म्हणाले, "काम छान आहे गं, पण माहितीपत्रकात अध्यात्म लिहिलंयस, ते कुठंय?" मग शिकवायलाच लागले. मागे नटराजाची सावली टाक, डोक्याभोवती सोनेरी वर्ख लाव, एखादं कमळ काढ. "घेणाऱ्याला कळायला नको का?" आयोजकांनीही मान डोलावली. शेजारची तेजोवलयवाली राधा पहिल्याच दिवशी विकली गेली, हेही खरं.

वयाचा मान ठेवून मी गप्प बसले. आज भेटले तर लाँचमध्ये बसवून थेट घारापुरीच्या लेण्यांत नेईन. तिथल्या नटराजाचे बहुतेक हात तुटलेत, पाय तुटलेत, तरी धड असं वळलंय की नाच शाबूत आहे. सर, इथे कमळ कुठे चिकटवू? विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय वज्र राजाला सांगतात की नृत्यशास्त्र जाणल्याशिवाय चित्रसूत्र, म्हणजे चित्रकलेचं शास्त्र, कळणं कठीण. म्हणजे हे काही माझ्या पदरचं नाही.

तेव्हा थोडं तरी शिकाच. अरंगेत्रम (रंगमंचावरचं पहिलं एकल सादरीकरण) वगैरे नको, तट्टडवू, म्हणजे पाय आपटायचा पहिला धडा, तिन्ही काळांत (लयींत) जमला तरी पुष्कळ. अगदीच शक्य नसेल तर नृत्याच्या क्लासमधल्या ताईंना विचारून तालमीला बसा आणि वही भरा. कार्यक्रमाला बसून काढू नका, तिथे प्रकाशयोजना आणि मेकअपच कागदावर येतो. क्लासच्या सुरुवातीला मुली जमिनीला हात लावून, आता तुझ्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागतात. ते काढा. जमलं तर तमिळनाडूत चिदंबरमच्या नटराज मंदिरात जाऊन गोपुरांवर कोरलेली नाट्यशास्त्रातली 108 करणंही (हातापायांच्या एकत्रित नृत्यहालचाली) बघून या.

हां, वर्खाशी माझं वैर नाही. तंजावर शैलीत तो हवाच. आणि हे सगळं भरतनाट्यमवालीचं बोलणं आहे. कथकमध्ये अंग उभं असतं, चक्करांचा वेग कसा पकडायचा ते कथकवाल्यांनाच विचारा. तुमची शैली कोणती ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ओडिसी असेल तर माझं अरैमंडीपुराण सोडा, त्रिभंगापासून (मान, कंबर, गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेली उभी ठेवण) सुरू करा.