खारवट शेतातली माती वीटभट्टीला देऊ नका

प्रश्न : कृष्णाकाठी दोन एकर काळी जमीन आहे. उसात जागोजागी पांढरा थर येतो, उगवण विरळ होते. जिप्सम टाकूनही फरक नाही. वीटभट्टीवाला वरची दोन फूट माती मागतो; खराब माती गेली की खालची चांगली लागेल म्हणतो. द्यावी का?

उत्तर : अजिबात देऊ नका. क्षार खालून येतात. भूजल दीड मीटरच्या आत आले की उन्हाळ्यात ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. दोन फूट माती काढलीत तर शेत त्या पाण्याच्या तेवढेच जवळ जाईल आणि शेजारच्या शेतांचा पाझर तुमच्या खोलगटात उतरेल. शिवाय उघडी पडणारी माती चिकण असते, तिच्यात सेंद्रिय कर्ब नावालाच. गेलेला थर तुमच्या हयातीत परत तयार होत नाही.

आता जिप्समचे. आधी माती आणि विहिरीचे पाणी तपासा. नुसता पांढरा पापुद्रा खरवडून नेऊ नका. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी खोलीचे नमुने वेगवेगळे घ्या. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट. तिथे जिप्समवर पैसे घालू नका; निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढा. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. तिला जिप्सम हवे, मात्रा अहवालाप्रमाणे, वरच्या २० सेंमी मातीत मिसळून. पण त्याने सुटलेला सोडियम शेताबाहेर गेला नाही तर खर्च वाया जातो. तुमच्याकडे बहुधा हेच झाले असावे.

म्हणून पहिला खर्च निचऱ्यावर. वरच्या बांधाला मीटरभर खोल चर काढून पाझर अडवा आणि तो नाल्याला जोडा. तेवढ्याने भागले नाही तर सच्छिद्र पाईप मीटर ते सव्वा मीटर खोल टाका, त्याभोवती गाळणीचे कापड हवेच. नसेल तर गाळ आत जाऊन पाईप बुजतो. पाईपचे तोंड नाल्यातल्या पाण्याच्या वर राहू द्या. नाला लांब असेल तर शेजाऱ्यांना घेऊन एकत्रच करा, एकट्याच्या दोन एकरांत हे परवडत नाही.

निचरा सुरू झाल्यावर पावसाळ्याच्या तोंडाला धैंचा हे हिरवळीचे खत पेरा, एकरी १६ ते २० किलो, आणि ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्याआधी गाडा. नंतर उसाची फुले २६५ ही क्षार सोसणारी जात घ्या, पाणी ठिबकने द्या. पाटाने सरी तुडुंब भरण्याची सवय मोडली नाही तर चर काढूनही पांढरा थर परत दिसेल.