देणं-घेणं : भिशीची बोली, दहाचं नाणं आणि टॉवेलचं वजन

आमच्या गल्लीत वीस जणींची लिलावाची भिशी आहे; सगळ्यांत कमी रकमेवर जी तयार होते तिला त्या महिन्याचे पैसे मिळतात. महिना 5,000 रुपये. पहिली भिशी चालवणारीची, पूर्ण एक लाख. तिसऱ्या महिन्यात एकीने 75,000 वर बोली तोडून पैसे उचलले, उरलेले 25,000 वीस जणींत वाटले गेले. मुलगा म्हणतो, ही सावकारीच झाली. दुसरीच्या अडचणीवर तुम्ही कमावता. खरं का?
– एक वाचक, साखर पेठ

आधी हिशेब मांडू. पहिल्या महिन्यात वाटा नाही. दुसऱ्यात समजा 1,300 आणि तिसऱ्यात 1,250 वाट्याला आले. पुढे बोली सैल पडत जाते, शेवटच्या महिन्यात वाटा शून्य होतो. म्हणून उरलेल्या सतरा महिन्यांची सरासरी 600 धरू. वाटा सगळ्यांना सारखा, त्यामुळे वीस महिन्यांत प्रत्येकीच्या खिशातून 87,250 रुपयेच जातात. हातात मात्र तिसरीच्या 75,000 येतात आणि विसावीच्या एक लाख.

तिसरीने उचल घेईपर्यंत स्वतःचे 12,450 भरले होते. म्हणजे तिला खरं कर्ज मिळालं 62,550 आणि पुढे सतरा हप्त्यांत तिने फेडले 74,800. व्याज पडलं महिना साधारण दोन टक्के. परवानाधारक सावकाराला शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिना दीड टक्का घेता येतो. भिशी त्याहून महाग पडली. तेव्हा मुलाचं अगदीच चूक नाही.

पण हा दर कुणी सावकाराने लादला नाही, तो बोलीत ठरला, आणि वीस जणींनी डोळ्यांनी पाहिला. कमाईही एकाच्या पेटीत न जाता सगळ्यांत वाटली गेली. उचलणारीलासुद्धा तिचा वाटा मिळाला. थांबणारीला थांबण्याचा मोबदला मिळतो, घाई असणारी घाईची किंमत देते. यात लाजण्यासारखं काही आम्हाला दिसत नाही. तुमचं लक्ष हवं चालवणारीकडे. तिने पहिल्याच महिन्यात लाख उचलले आणि फेडणार 87,250. बिनव्याजी पैसे, वर 12,750. वसुलीच्या फेऱ्या आणि जोखीम यांची ती मजुरी आहे असं म्हणता येईल. मात्र कुणाचा हप्ता हुकला तर पदरचा भरण्याची हमी ती देते का, हे आधी विचारून घ्या. देत नसेल तर ती मजुरी कशाची?

भिशी बुडते ती बहुतेक एकाच वाटेने. सुरुवातीला जी सगळ्यांत खाली बोली तोडते ती सगळ्यांत नडलेली असते, म्हणून तिचेच हप्ते थकायची भीती जास्त. उरलेल्यांना वाटा मोठा मिळतो म्हणून त्या खूश असतात आणि हीच खुशी अंगाशी येते. यावर उपाय आहेत. पहिल्या पाच-सहा महिन्यांत बोलीला तळ ठरवा, समजा 80,000. उचलणारीला जामीन हवाच, आणि तो अजून भिशी न उचललेल्यांपैकीच; कारण जामीन राहणारीचे पैसे मंडळाकडे आहेत, वेळ आली तर त्यातून कापता येतात. उचलून मोकळी झालेली जामीन म्हणजे नुसती सही. एक बाई एकीलाच जामीन राहील. सुनेच्या आणि नणंदेच्या नावावर एकच बाई तीन भिशा चालवत नाही ना, तेही बघा. चालवणारीने आपली भिशी निम्मे महिने उलटल्यावर घ्यावी. मागावर आठवड्याला पगार होत असेल तर महिन्याला 5,000 मागण्यापेक्षा आठवड्याला 1,250 वसूल होणं सोपं. वहीत दरवेळी दोघींच्या सह्या. मोबाइलवरून पैसे पाठवले तरी वही चुकवू नका.

कायद्याचंही सांगायला हवं. 1982 चा चिट फंड कायदा अशा लिलावाच्या भिशीला लागू होतो; चिठ्ठी टाकून सगळ्यांना पाळीपाळीने पूर्ण रक्कम देणारी भिशी त्यात येत नाही. शासनाची पूर्वपरवानगी आणि नोंदणी नसताना लिलावाची भिशी चालवणं गुन्हा आहे. गल्लोगल्ली तशाच चालतात, म्हणून वरची काळजी सांगितली. नोंदणीकृत चिटमध्ये चालकाला दर भिशीमागे जास्तीत जास्त 7 टक्के कमिशन घेता येतं. 2019 च्या दुरुस्तीआधी ते 5 टक्के होतं.

दहाचं नाणं भाजीवाला घेत नाही, रिक्षावाला घेत नाही. सरकारचं नाणं नाकारायचा त्यांना अधिकार काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

अधिकार नाही. दहाच्या नाण्याचे तोवरचे चौदाही नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजी जाहीर केलं आहे. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध आहेत.

पण भाजीवाला खुळा नाही. नाणं खरं आहे हे त्याला ठाऊक असतं. पुढचं गिऱ्हाईक घेणार नाही याची त्याला धास्ती असते. पैसा चालतो तो पुढचा घेईल या भरवशावर, आणि तो भरवसा तुटला की शिक्क्याचं काही चालत नाही. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. एका मंडईतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायला सुरुवात केली तर गाडी सुरळीत होते. साठलेली नाणी शंभर-शंभरच्या पिशव्या करून बँकेत भरा. बँकेला ती घ्यावीच लागतात.

आमचे टॉवेलचे माग आहेत. शेजारी वजन मारून दर पाडतात. मी वजन राखलं तर गिऱ्हाईक जातं. काय करावं?
– एक कारखानदार, अक्कलकोट रोड

75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल 450 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम) असेल तर 506 ग्रॅम भरतो आणि 400 चा असेल तर 450. हे 56 ग्रॅम दुकानात हाताला कळत नाहीत, कारण खळ आणि सॉफ्टनर अंग भरून दाखवतात. दर मात्र लगेच दिसतो. शेजाऱ्याचा स्वार्थ या फटीत वाढतो, ती फट बुजवा.

लेबलवर माप आणि जीएसएम छापा. व्यापाऱ्याशी किलोवर सौदा असेल तर ‘एकदा धुऊन, पूर्ण वाळवून’ येणारं वजन धरा. सुती धाग्याची प्रमाणित आर्द्रता कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के धरतात. पावसाळ्यात त्याहून जास्त ओल धरून तेच गठ्ठे जड भरतात, आणि वाद तिथून सुरू होतात. सौद्याच्या वेळी एकाच लॉटमधले दोन टॉवेल काढा, दोघांच्या सह्या घेऊन सील करा, एक तुमच्याकडे, एक व्यापाऱ्याकडे.