वचन आणि वहिवाट

प्रिय,
सप्रेम सलाम.

तुझ्या चिठ्ठीत खरा प्रश्न एकच: 'मी रांगडा नाही, मग देवाच्या हातून काही चुकलं का?' बाकीचं लोकांनी तुझ्या कानात कोंबलेलं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे 'वचन', म्हणजे बायबलात लिहिलेलं; उजवीकडे 'वहिवाट', म्हणजे लोकांनी पाडलेली रीत. आजवर ऐकलेलं एकेक वाक्य लिही: 'गडी रडत नाही', 'तालमीत जात नाही तो पुरुष कसला', 'चूल बायकांची'. डावीकडे जागा हवी तर पुस्तक, अध्याय, वचनाचा आकडा सांगता आला पाहिजे. नाहीतर उजवीकडे.

योहान ११:३५ मध्ये येशू रडतो. एकविसाव्या अध्यायात कोळशावर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. उत्पत्ति २५ मधला एसाव केसाळ, शिकारी. कोल्हापुरात असता तर खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवला असता. त्याचा जुळा भाऊ याकोब तंबूत राहणारा, मसुरीचं वरण रांधणारा. ज्येष्ठपणाचा हक्क गेला तो त्या वरणवाल्याकडे! नीतिसूत्रे ३१ आपण कौतुकाने वाचतो आणि सोळाव्या वचनावरून भरकन पुढे सरकतो: ती बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत, त्यांत सौम्यताही. पुरुषांना सूट कुठे दिलीय?

तुझ्यापुढे अनुवाद २२:५ ठेवतील: पुरुषाने बाईचं वस्त्र घालू नये, बाईने पुरुषाचं. ते वचनच आहे, डावीकडे लिही. पण अख्खा अध्याय वाच. आठव्यात छताला कठडा, अकराव्यात लोकर आणि तागाच्या मिश्र कापडाला मनाई. अकराव्यावर कोणी भांडत नाही. शिवाय पाचव्यात पुरुषाच्या वस्त्रासाठीचा मूळ हिब्रू शब्द 'केली', म्हणजे वस्तू, हत्यारसुद्धा. रडण्याबद्दल, गाण्याबद्दल, चालण्याच्या ढबीबद्दल तिथे अक्षर नाही. वचन आणि वहिवाट! किती वेळा सांगू?

आता अवघड भाग. रांगोळी आवडणारा मुलगा रांगोळीमुळे मुलगी ठरत नाही. तसं ठरवणं हीदेखील वहिवाटच, उलटी नेसलेली. पण स्वतःचं शरीरच परकं वाटण्याची तगमग महिनोन्‌महिने टिकत असेल तर प्रश्न निराळा, आणि तो तालमीत सुटत नाही. पुष्कळ मंडळ्या, म्हणजे चर्चेस, उत्पत्ति १:२७ वरून नर-नारी देह हे देवाचं दान मानतात. व्हॅटिकनच्या २०२४ च्या 'डिग्नितास इन्फिनिता' या जाहीरनाम्याचीही तीच भूमिका. दुसरे यशया ५६:३-५ दाखवतात: अनुवाद २३:१ ने मंडळीबाहेर ठेवलेल्या षंढाला देव पुत्र-कन्यांहून थोर नाव देतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प कूशी षंढाला बाप्तिस्मा देतो, त्याच्या षंढपणाची आडकाठी न करता. मी पहिल्या बाजूचा आहे, दाराशी अडवणाऱ्यांच्या बाजूचा नाही. मंडळी फुटू नये म्हणून 'कोणाला दाराशी अडवू नका' हे मी मोठ्याने बोललो नाही. चुकलंच. पण फुटलेली मंडळी कोण सांधणार होतं, हेही कोणी सांगत नाही.

तरुण संघात आत्ताच काही बोलू नकोस. तिथे तुझा 'प्रार्थनेचा विषय' होईल आणि सोमवारपर्यंत गावभर. विश्वासाचं एकच मोठं माणूस निवड. झोप-जेवण तुटलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. 'बदलून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत, हे ध्यानात ठेव. दुष्ट आत्मा काढणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नकोस.

रविवारी वही आण. उपासना सुटल्यावर मागच्या बाकावर बसू. डावीकडे काय उरलं, ते आधी बघू.