मोठा पिक्चर थेटरात आणि छोटा घरी? माझं मत हल्ली उलटं झालंय

तुम्ही विचारलंय की हल्ली थेटरात आणि घरी कुठले सिनेमे बघितले, कसे वाटले, आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात का की ओटीटीवर यायची वाट बघितलेली बरी. सगळे सांगत बसत नाही, चारच सांगते, दोन थेटरातले आणि दोन घरचे, कारण या चौघांमुळे माझं एक जुनं मत पार बदललं.

आमच्या घरी कायम ठरलेलं असायचं की मोठा, धडाकेबाज पिक्चर असेल तर थेटर, आणि साधा, शांत, 'अवॉर्डवाला' असेल तर काय घाई आहे, येईल की ओटीटीवर. तुमच्याकडेही बहुतेक हेच असेल. ऑफिसात, ट्रेनमधल्या ग्रुपमध्ये सगळ्या बायका हेच म्हणतात. आता मला वाटतं हे अगदी उलटं आहे.

सप्टेंबरपासून सुरू करते. 12 सप्टेंबर 2025 च्या शुक्रवारी तीन मराठी सिनेमे एकदम लागले, 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. आमचं मूळ गाव कुडाळ तालुक्यातलं, आणि दशावतार म्हणजे आमच्या कोकणातलं जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य, त्यामुळे प्रश्नच नव्हता, बाबांना घेऊन 'दशावतार'ला गेले. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गेल्या सहासात वर्षांत थेटरात पाऊल टाकलं नव्हतं, पायऱ्या अंधारात दिसत नाहीत म्हणून. पण दिलीप प्रभावळकर आहेत म्हटल्यावर तयार झाले, कारण टीव्हीवरच्या चिमणरावापासून ते त्यांचे.

सिनेमा सुबोध खानोलकरांनी केलाय. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलाकार, दृष्टी अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो बाबा आता पुरे करा, आणि ह्याच्या अंगातलं नाटक काही जात नाही. पुढचं सांगत नाही, बघायचा असेल तुम्हाला. प्रभावळकरांचं वय तेव्हा 81, आणि त्या वयात माणूस जे करतो ते बघून मी खरंच थक्क झाले, नुसतं वय झालेल्या माणसाचं कौतुक म्हणून म्हणत नाहीये, हात उचलला की तो हात दशावतारी नटाचाच वाटतो.

पण मला जास्त लक्षात राहिलंय ते माझ्या शेजारच्या सीटवरचं. रंग लावायचा सीन आला आणि बाबा पुढे सरकून बसले. दशावतारात नट स्वतःचा रंग स्वतःच लावतो, मेकअपमन वगैरे नसतो, पेटारा उघडायचा, आरसा समोर टेकवायचा आणि सुरू. बाबा माझ्या दंडाला धरून म्हणाले, 'बघ गो बाय, रंग कसो लावता तो बघ.' आणि मग गाणं वाजवणं सुरू झाल्यावर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर झांजेचा ठेका धरायला लागली, त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. मागच्या रांगेत एक आजोबा होते, ओळख ना पाळख, ते मध्येच मोठ्यांदा मालवणीत काहीतरी बोलले आणि आख्खी रांग हसली, बाबाही हसले. मॉलमधल्या एसी थेटरात गावच्या देवळापुढे बसल्यासारखं झालं.

मध्यंतरात बाबा समोसा हातात तसाच धरून सांगत होते की लहानपणी काल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराला, गोणपाट घेऊन जायचो, अर्धं नाटक झोपेत जायचं, पण आवशीला, म्हणजे आईला, बजावून ठेवलेलं असायचं की संकासुर इलो की उठव. संकासुर म्हणजे त्या नाटकातला राक्षस, काळे कपडे, काळं तोंड आणि लांब लाल जीभ, भीतीही वाटायची आणि हसूही यायचं. रात्रभर नाटक, ना लिहिलेली संहिता ना पाठ केलेले संवाद, आख्यान काय लावायचं ते ठरलं की बाकी सगळं नटाच्या जिभेवर. आणि पहाटे दहीकाला झाला की तोच राजा स्वतःचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत निघायचा. आमच्याकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. हे सगळं बाबांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

सिनेमात खोट काढायची तर उत्तरार्ध लांबलाय, आणि एकदा गोष्ट सुडाकडे वळली की पुढे काय होणार ते बऱ्यापैकी कळतं. काही ठिकाणी पार्श्वसंगीत इतकं चढवलंय की आत्ता रडा, आत्ता घाबरा असं ढकलल्यासारखं होतं. तरी मला आवडला, मनापासून.

आता गंमत बघा, हाच सिनेमा नंतर घरी टीव्हीवर परत लावला, नवऱ्याला बघायचा होता म्हणून. मध्ये पाहुणे आले, चहा झाला, दोनदा बंद केला, आणि तरीही चालला! कारण त्याच्यात रंग आहेत, आवाज आहे, घटना धावतायत, तुम्ही पाच मिनिटं उठून गेलात तरी तो तुम्हाला परत ओढून घेतो.

'दशावतार'नंतर आठवड्याभरात, 19 सप्टेंबरला, 'साबर बोंडं' लागला. रोहन परशुराम कानवडे दिग्दर्शक, जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात वर्ल्ड सिनेमाच्या कथापट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक या मराठी सिनेमाला मिळालं होतं, पेपरात वाचलं असेल तुम्ही. मुंबईत राहणारा आनंद, वडील जातात, दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो, तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि त्या दोघांमध्ये जे आहे ते हळूहळू उमलत जातं. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, पण कुठेही भाषण नाही, आरडाओरडा नाही, मारझोड नाही. आईला मुलाबद्दल माहीत आहे आणि ती ज्या पद्धतीने ते सांभाळते ना, ते बघताना गळा भरून येतो.

आम्ही दोघं गेलो तर हॉलमध्ये मोजून चौदा माणसं. शो दिवसाला एकच, तोही दुपारचा, मी हाफ डे टाकून गेले. पुढे तीन कॉलेजची मुलं बसली होती, सुरुवातीला खिदळत होती. सिनेमाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबलेला, माणसं बसलीयत, उठतायत, कोणीतरी भांडी घासतंय, लांब कुठेतरी बकरी ओरडतेय. पहिली वीसेक मिनिटं मलाही जड गेली, खोटं कशाला बोलू. भिंतीपलीकडच्या स्क्रीनमधला धडाम धडाम आवाज येत होता त्याचा राग येत होता. पण मग कान बसले. त्या मुलांचं खिदळणं कधी थांबलं ते कळलंही नाही. एका सीनला इतकी शांतता झाली की मागे कोणीतरी पॉपकॉर्नच्या पुडीत हात घातला आणि तसाच थांबवला, ते मला ऐकू आलं. चौदा अनोळखी माणसं एकाच वेळी गप्प बसलीयत, हे हल्ली आपल्याला दुसरीकडे मिळतं कुठे!

आणि घरचं कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा ते दहा दिवस मी जवळून बघितलेत. घर माणसांनी भरलेलं, आणि ज्याचा बाप गेलाय त्याला रडायला एक कोपरा मिळत नाही, जो येतो तो दोन मिनिटं हळहळतो आणि मग जागेच्या कागदांचं काय, वर्षाच्या आत घरातलं लग्न उरकून घ्या, असले विषय काढतो. सिनेमात आनंदला सगळे नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, सुतकात सुद्धा. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो अंधारात डोळे पुसत होता. दहाव्याला, तेराव्याला मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. घरी सोफ्यावर हे झालं असतं का? मला नाही वाटत. घरी तो उठून पाणी प्यायला गेला असता.

आता घरचे दोन. 'आता थांबायचं नाय' आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला, सासूबाई, लेक, आम्ही दोघं, जेवणाची ताटं मांडीवर घेऊन. शिवराज वायचळचा पहिलाच सिनेमा, मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवर बेतलेला आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघंही फार छान, ओम भूतकरचा मास्तर तर लेकीला इतका आवडला की आमच्या शाळेत असा सर का नाही म्हणाली. हा सिनेमा घरी बघितला म्हणून काहीही बिघडलं नाही, उलट फायदाच झाला, मध्ये थांबवून सासूबाईंनी सांगितलं की त्यांची शाळा सातवीत कशी सुटली, धाकट्या दोघांना सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून. अर्धा तास सिनेमा तसाच थांबलेला आणि त्या बोलतायत. थेटरात हे झालं नसतं हेही मान्य.

पण 'थ्री ऑफ अस'चं मात्र मी वाटोळं केलं. 2023 चा हिंदी सिनेमा, अविनाश अरुणचा, ज्याने मराठीत 'किल्ला' केला तोच. शेफाली शहा, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे. शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय, सगळं पुसलं जायच्या आधी तिला लहानपणीचं वेंगुर्ला एकदा बघायचंय, म्हणून नवऱ्याला घेऊन ती तिकडे जाते आणि शाळेतला मित्र भेटतो. थेटरला लागला तेव्हा आम्ही नेहमीचंच म्हटलं, येईल की नेटफ्लिक्सवर. आला, दोन वर्षं यादीत पडून राहिला, आणि शेवटी मी एका रविवारी दुपारी लावला. कुकरच्या शिट्ट्या चालू, कुरिअरवाला आला, ताईचा फोन आला, विहिरीच्या सीनला मी कपडे वाळत घालत होते. संपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, बरा आहे पण काही घडतच नाही. हे वाक्य मला अजून बोचतं.

नंतर 'साबर बोंडं' बघून आल्यावर डोक्यात आलं की त्या सिनेमावर मी अन्याय केला. मग एका रात्री अकराला सगळे झोपल्यावर दिवे बंद केले, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवला, हेडफोन लावले आणि पहिल्यापासून परत बघितला. आणि अहो, सगळं घडत होतं की! जयदीप अहलावत एवढा आडदांड माणूस, बँकेतला साहेब, आणि तो कापडावर सुईने भरतकाम करत बसतो, ती बोटं किती हळू चालतात. शैलजाचा चेहरा मध्येच अर्धा सेकंद रिकामा होतो, म्हणजे समोरचा कोण ते हरवलं, आणि ती ते लपवते, आणि नवऱ्याला दिसतं, आणि तोही न दिसल्यासारखं करतो. दुपारी कपडे वाळत घालताना हे दिसणार कसं? आकाशपाळण्यातल्या बोलण्याच्या वेळी मी तोंडावर हात ठेवून रडले, लेक उठू नये म्हणून.

म्हणून मी म्हणते की जो सिनेमा आपल्याला 'छोटा' वाटतो त्यालाच थेटर जास्त लागतं. मोठा पिक्चर स्वतःची काळजी स्वतः घेतो, त्याला तुम्ही मोबाईलवर बघितलंत तरी काहीतरी हाताला लागतं. शांत सिनेमाला बाकी काही नको, फक्त दोन तास तुम्ही उठायचं नाही एवढंच हवं असतं, आणि ते घरात फार कठीण आहे, निदान बायकांना तरी. आपण घरात बसलो की घर आपल्याला हाक मारतंच.

पैशाचं विचारलंत तर खोटं सांगत नाही, महाग पडतं. शंभराच्या वर तिकीट गेलं की त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, आणि इकडे शंभराच्या आत तिकीट कुठे मिळतं? आम्हा दोघांचे 'साबर बोंडं'ला साडेचारशे गेले, खायला काही घेतलं नाही, जेवूनच गेलो होतो. तुम्ही पण तेच करा, पॉपकॉर्नच्या पैशात अजून एक सिनेमा होतो. आणि मराठी सिनेमा बघायचाच असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, दुसऱ्या शुक्रवारी शो सकाळी साडेनऊला ढकललेला असतो किंवा नसतोच, 'आरपार' माझा असाच राहिला, जाऊ जाऊ म्हणेपर्यंत आमच्या भागातून उतरला.

बाबांना त्या दिवसापासून काल्याची आठवण लागून राहिलीय. गावी आता जत्रांचे दिवस आहेत, पुढच्या महिन्यात आमच्या देवळातला काला आहे, त्यांनी कोकण रेल्वेची तिकिटं काढायला लावलीत, चौघांची. लेकीला बजावून सांगितलंय की रात्रभर जागायचं, झोप आली तर गोणपाटावर झोप, संकासुर आला की मी उठवतो.