कंपवात, पूरके आणि गोळीची वेळ

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे असून त्यांना 5 वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ते दिवसातून 4 वेळा घेतात. दोन महिन्यांपूर्वी एका नातलगांच्या सल्ल्यावरून आम्ही को-एन्झाइम क्यू-10, लोहयुक्त मल्टिव्हिटॅमिन आणि प्रथिनांची पावडर सुरू केली. सोयीसाठी हे सगळे सकाळच्या गोळीबरोबर नाश्त्याच्या वेळी एकत्रच देतो. पहिले पंधरा दिवस हात हलका वाटतो असे ते स्वतः सांगत होते. आता मात्र सकाळची गोळी घेऊन तास उलटला तरी त्यांचे पाय उचलत नाहीत. आजार वाढला असेल का? खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण नैसर्गिक असते, तर गोळीऐवजी तेच द्यावे का?

उत्तर : आजार वाढला असे ठरवण्याआधी सकाळची ती वेळ पाहा, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द माझ्या मते ‘एकत्रच’ हा आहे. लोह आतड्यात लेव्होडोपाला बांधून ठेवते आणि त्यामुळे औषध रक्तात कमी उतरते. प्रथिनांचा अडथळा वेगळ्या प्रकारचा आहे. लेव्होडोपा हे मुळात एक अमिनो आम्लच असल्यामुळे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना त्याला ज्या वाहकांची गरज लागते, त्याच वाहकांवर प्रथिनांतून सुटलेली इतर अमिनो आम्लेही हक्क सांगतात, आणि पावडरीच्या पेल्यातून ती एकदम मोठ्या संख्येने आली की गोळी मागे पडते. म्हणून खाण्याच्या किमान अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने गोळी द्या, आणि लोह व गोळी यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. आठवडाभर गोळीची वेळ, खाण्याची वेळ आणि पाय मोकळे झाल्याची वेळ वहीत लिहून ती डॉक्टरांना दाखवा. प्रथिने मात्र तोडू नका. या आजारात वजन घटते, स्नायू झिजतात, आणि भीतीपोटी आहार कापलेला रुग्ण आणखी अशक्त होतो. गरज भासल्यास प्रथिनांचा मोठा वाटा संध्याकाळच्या जेवणाकडे वळवता येतो, पण तो बदल डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावा.

आता क्यू-10 विषयी. पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेत हा घटक काम करतो आणि कंपवातात त्याच यंत्रणेत बिघाड दिसतो, त्यामुळे त्याच्याकडून आशा बाळगणे अजिबात चुकीचे नव्हते. 2002 साली 80 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम घेणाऱ्यांची घसरण मंदावल्यासारखी दिसली. त्यानंतर 600 रुग्णांवर रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन मोठी चाचणी घेण्यात आली, तिचा निष्कर्ष 2014 साली आला आणि त्यात औषध नसलेल्या नकली गोळीहून अधिक लाभ आढळला नाही. क्रिएटिन या दुसऱ्या पूरकाची चाचणी तर 1741 रुग्णांवर झाली आणि लाभाची शक्यता दिसेना म्हणून ती 2013 साली थांबवावी लागली. त्याआधी, 1993 साली प्रसिद्ध झालेल्या 800 रुग्णांच्या अभ्यासात ई जीवनसत्त्वही निष्प्रभ ठरले होते. आजाराची गती कमी करते असे सिद्ध झालेले एकही पूरक आज उपलब्ध नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रक्त पातळ राहण्यासाठी वडील वॉरफरिन घेत असतील, तर क्यू-10 ची माहिती डॉक्टरांना तातडीने द्या, कारण त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

मग पहिल्या पंधरा दिवसांत हात हलका का वाटला? वडिलांना भास झाला असे कृपया कोणी म्हणू नये. कॅनडातील संशोधकांनी 2001 साली दाखवून दिले की औषध मिळणार या अपेक्षेने, प्रत्यक्षात नुसते मिठाचे पाणी टोचले तरी, कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे लेव्होडोपापासून तयार होणारे हालचालींसाठी लागणारे रसायन, स्रवते. म्हणजे तो हलकेपणा खरा होता, फक्त त्याचे श्रेय कॅप्सूलला देता येत नाही. याच कारणामुळे ‘अमुक घेतले आणि बरे वाटले’ हा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, या आजारात पुरावा म्हणून अपुरा पडतो.

खाजकुइलीचा प्रश्न निराळा आहे, कारण तिच्या बियांत लेव्होडोपाच असते. ते 1937 सालीच त्यांतून वेगळे करण्यात आले होते. 2004 साली 8 रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला, तेव्हा या वनस्पतीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नैसर्गिक आणि रासायनिक असा भेद येथे उरतच नाही, कारण रेणू एकच आहे. विकतच्या चूर्णात तो किती आहे हे बाटलीवरच्या आकड्यावरून खात्रीने कळत नाही, शिवाय लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन होऊ न देणारे कार्बिडोपा त्यात नसल्यामुळे मळमळ अधिक होते. गोळीच्या जोडीला चूर्ण दिले तर मात्रा नकळत वाढून अंगाला झटकेदार, अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात किंवा भास होऊ शकतात. आणि गोळी एकाएकी बंद करणे तर धोक्याचेच आहे. त्यातून तीव्र ताप, अंगाचा कमालीचा ताठरपणा आणि प्राणावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी रक्ततपासणीवर करा. या रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते, आणि तोल जाऊन पडणाऱ्या माणसाची हाडे सांभाळणे महत्त्वाचे असते. बी-12 कमी असेल तर पाय बधिर होतात, चाल बिघडते आणि सगळा दोष कंपवाताच्या माथी जातो. बद्धकोष्ठ असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. 2021 साली 72 रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रोबायोटिकने, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या पूरकाने, शौचाची तक्रार कमी झाली होती.

प्रश्न : बी-6 जीवनसत्त्वाने लेव्होडोपा निकामी होते असे वाचले. आईची मल्टिव्हिटॅमिन बंद करावी का?

उत्तर : लेव्होडोपा एकटे दिले जात असे त्या काळातला हा इशारा आहे. बी-6 मुळे त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर मेंदूबाहेरच उरकत असे. आजच्या गोळीतील कार्बिडोपा हे रूपांतर रोखते, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिनमधील नेहमीच्या प्रमाणाची काळजी नको. उलट लेव्होडोपा-कार्बिडोपाची मात्रा मोठी असेल तर शरीरातील बी-6 घटू शकते, आणि ते स्वतःहून भरमसाट घेतले तरीही नसांना इजा होते. आईच्या पायांत मुंग्या किंवा जळजळ असेल, तर गोळी वाढवण्याआधी किंवा बंद करण्याआधी रक्तातील बी-6 आणि बी-12 दोन्ही तपासून घ्या.