वॉर्डातले पहिले महिने : एमबीबीएस विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये एका आजींच्या हिस्ट्रीत ‘तंबाखू नाही’ असं लिहिलं. सरांनी विचारल्यावर मात्र त्या ‘हो’ म्हणाल्या. असं कसं?

सरांनी बहुधा ‘मिश्री लावता का?’ असं विचारलं असेल. अनेक बायकांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची पूड, ती तंबाखूत धरतच नाहीत. म्हणून मिश्री, गुटखा, मावा, विडी हे सगळं नाव घेऊन विचारा. दिवसातून किती वेळा आणि किती वर्षं, तेही. औषधांचं तसंच. ‘काही औषध चालू आहे?’ ‘नाही.’ ‘बीपीची गोळी?’ ‘ती होय, ती रोजच घेते.’ पिशवी उघडून पाकिटं बघितलेली बरी. ‘चक्कर येते’ एवढंच लिहून थांबू नका. गरगरतं की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? पहिल्यात कान आणि तोल बघायचा, दुसऱ्यात उभं करून बीपी.

प्रश्न : इंटर्न आहे. मी काढलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम ७.२ म्हणजे फारच जास्त आलं, पुन्हा पाठवलं तर ४.३, नॉर्मल. चूक कुठे झाली?

आधीच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम बघा. ते फारच कमी असेल तर जांभळ्या बल्बमधलं (जांभळ्या टोपणाच्या रक्ताच्या नळीतलं) ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, मिसळलं. त्यात पोटॅशियमचाच क्षार असतो आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. जांभळा आधी भरला, किंवा कमी पडलं म्हणून त्यातलं रक्त लाल बल्बमध्ये ओतलं की हमखास असं होतं. बल्ब भरायचा क्रम असा : ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बघायची बाटली), निळा, लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, करडा.

कॅल्शियम ठीक असेल तर पेशी फुटल्या असतील. बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या, न वाळलेलं स्पिरिट, खळखळ हलवलेला बल्ब, ही नेहमीची कारणं. टुर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) सुई टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधा आणि मिनिटाच्या आत सोडा. शीर सापडत नसेल तर सैल करून दोन मिनिटांनी पुन्हा बांधा. मूठ वारंवार उघडझाप करायला लावू नका. त्याने पेशी न फुटताही पोटॅशियम वाढतं. २१ किंवा २२ गेजची (जाडीची) सुई, तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, खालची कातडी अंगठ्याने ताणलेली. सिरिंजने भरताना बल्ब हातात न धरता स्टँडमध्ये ठेवा आणि दट्ट्या दाबू नका, बल्ब लागेल तेवढं रक्त स्वतः ओढतो. निळा रेघेपर्यंत भरलाच पाहिजे : ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट (बल्बमधलं रक्त गोठू न देणारं द्रावण). कमी भरला तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटाच लांबतो. जांभळा ८-१० वेळा हलकेच उलटा करा. लेबल खाटेशीच लावा.

एक मात्र : ७.२ बघून ‘सॅम्पल खराब असेल’ म्हणत बसू नका, खरं असेल तर हृदयाला धोका असतो. ईसीजी लगेच काढा, नवं सॅम्पल तेव्हाच पाठवा. ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : माझं बीपी सिस्टरांच्यापेक्षा नेहमी जास्त का येतं?

जाड दंडाला लहान कफ, नाहीतर मोजताना गप्पा. पाच मिनिटं बसवा, पाठीला टेका, दंड छातीच्या पातळीत. मनगटाची नाडी जाईपर्यंत हवा भरा, वर आणखी ३० मिमी. मग सेकंदाला २ मिमी या वेगाने सोडा.

प्रश्न : सुई टोचली तर?

साबण आणि वाहतं पाणी. पिळू नका, स्पिरिट ओतू नका. रात्र असली तरी तडक कॅज्युअल्टीत जा : एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. टोपण परत लावायला जाऊ नका, सुई थेट हब कटरमध्ये (वापरलेली सुई कापायच्या डब्यात). हेपटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झाले असतील, तर शेवटच्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) करून घ्या. तो १० च्या खाली आला तर पुन्हा डोस लागतात.