६५० सेलेनियम टेस्ट गळ्यात पडल्यात, रोज ३०-४० लाल. सगळं प्लेराइटमध्ये नव्याने लिहू का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. हिंजवडीतल्या कंपनीत एका वेब अ‍ॅपचं टेस्ट ऑटोमेशन (सेलेनियम या टूलने ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या टेस्ट) तुमच्याकडे आलंय आणि मूळ लिहिणारे दोघंही सोडून गेलेत. रात्रीचा रन चार तास चालतो, सकाळी ३०-४० टेस्ट लाल, म्हणजे नापास, असतात, रीरन केला (पुन्हा चालवल्या) की बहुतेक हिरव्या होतात. वर मॅनेजरना या तिमाहीत आणखी २०० टेस्ट हव्यात. तुम्हाला वाटतंय, जुनं सगळं टाकावं आणि प्लेराइट या नव्या टूलमध्ये पहिल्यापासून लिहावं.

नका लिहू. निदान आत्ता तरी नका.

मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतेय, आधी मगरपट्ट्यात, आता खराडीत. एका ठिकाणी आम्ही मोठ्या उत्साहाने टूल बदललं. तीन महिने त्यात गेले आणि नव्या टूलमध्ये तोच लाल-हिरव्याचा खेळ सुरू झाला. खाट बदलली, ढेकूण तेच. प्लेराइट चांगलंच आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं, आणि क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू स्थितीत आहे का, हे ते स्वतःच बघतं. सेलेनियम २००४ चं, त्यात ही काळजी आपणच घ्यायची. त्यामुळे नव्या टेस्ट प्लेराइटमध्ये लिहायला माझी हरकत नाही. पण तुमचा आजार बहुतेक टूलमध्ये नाहीये.

आधी एक हिशोब करून बघा. समजा, तुमची प्रत्येक टेस्ट २०० वेळा चालवली तर फक्त एकदाच उगाच पडते. टेस्ट म्हणून हे काही वाईट नाही. तरीही अशा ६५० टेस्ट एकत्र चालवल्या तर सगळ्या हिरव्या येणार १०० रात्रींपैकी जेमतेम ४ रात्री. बाकीच्या ९६ सकाळी कुणीतरी लाल बघणार, ‘फ्लेकी असेल’ (म्हणजे उगाचच कधी पडणारी, कधी पास होणारी) म्हणणार आणि रीरन दाबणार. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट इथे रोज घडते. गूगलसारख्या ठिकाणीसुद्धा जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा असल्याचं त्यांनीच २०१६ मध्ये लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही एकट्या किंवा एकटे नाही. अशा सूटमध्ये (टेस्टच्या संचात) आणखी २०० टेस्ट ओतल्या तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिले दोन आठवडे एकही टेस्ट लिहू नका, दुरुस्तही करू नका. एक शीट उघडा आणि रोज पडलेली प्रत्येक टेस्ट नोंदवा: किती वाजता पडली, एरर काय होती, रीरनमध्ये काय झालं. काम कंटाळवाणं आहे, पण चाळीस लाल टेस्टमागे चाळीस कारणं क्वचितच असतात. चार-पाचच असतात.

त्यातलं एक वाट बघण्याचं असणार. कोडमध्ये जागोजागी ‘स्लीप ५ सेकंद’ सापडतील. ते काढा आणि ज्या गोष्टीची वाट बघायची तिचंच नाव घेऊन थांबा: अमुक ओळ दिसेपर्यंत, तमुक स्पिनर जाईपर्यंत. सेलेनियममधले इंप्लिसिट (सगळीकडे लागू होणारी एकच वाट) आणि एक्सप्लिसिट (एका ठराविक गोष्टीची वाट) वेट एकत्र वापरले असतील तर तेही आधी सोडवा. दोन्ही एकत्र असले की टाइमआउट किती वेळाने येईल याचा भरवसा नाही, आणि हा इशारा सेलेनियमच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे.

लोकेटरचं, म्हणजे पानावरची गोष्ट टेस्टने कशी शोधायची त्याचं, दुखणं तर पत्ता सांगण्यासारखं आहे. ब्राउझरमधून कॉपी केलेला एक्सपाथ म्हणजे ‘तिसऱ्या डिव्हमधला दुसरा डिव्ह, त्यातल्या फॉर्ममधलं चौथं बटण’. टपरीवरून डावीकडे, असा पत्ता. टपरी हलली की पाहुणा हरवला. पत्र्या मारुती म्हटलं की नारायण पेठेत कुणीही आणून सोडतो. डेव्हना (डेव्हलपरना) सांगून महत्त्वाच्या बटणांना ‘डेटा-टेस्टआयडी’ ही टेस्टसाठीची ठरलेली खूण लावून घ्या. पहिल्यांदा कुरकुर होते. आमच्याकडे मी स्वतःच पुल रिक्वेस्ट टाकली (कोडमधला बदल मंजुरीसाठी पाठवला), मग कुणी काही बोललं नाही.

टेस्ट डेटाबद्दल एकच नियम: प्रत्येक टेस्टने आपला युजर आपण तयार करायचा. तो एक जुनापुराणा युजर, ज्याचा पासवर्ड सगळ्या टीमला पाठ आहे आणि ज्याच्या कार्टमध्ये पाच टेस्ट एकाच वेळी हात घालतात, त्याला निवृत्त करा.

वेळेची गंमत मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ती शोधायला मला आठवडा लागला होता. ‘आजची बुकिंग दिसते का’ अशी आमची एक टेस्ट रात्री दोनच्या रनमध्ये पडायची. दिवसा कुणीही चालवली की हिरवी. टेस्ट चालवणारं मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, अ‍ॅपचा सर्व्हर भारतीय वेळेवर. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेआठ झालेले असतात. टेस्ट कालची तारीख शोधत होती, अ‍ॅप आजची दाखवत होतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्याच खिडकीत पडणारी टेस्ट! एकाने शहाणपणा करून रन सकाळी सहाला नेला आणि सगळं हिरवं झालं. पुढे एका रिलीजच्या रात्री एक वाजता रन लावला तेव्हा ती पुन्हा पडली, आणि अर्धी टीम बग समजून जागी राहिली. शेवटी टेस्टमध्ये टाइमझोन स्पष्टपणे ‘एशिया/कोलकाता’ लिहिला. एका ओळीचं काम. तुमच्या शीटमध्ये ‘किती वाजता’चा रकाना मी याचसाठी घालायला सांगितला.

रीट्रायबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘तीनदा चालवा, एकदा पास झाली तर पास’ ही सेटिंग मी बंद करते. आमची चेकआउटची एक टेस्ट दहात एकदा पडायची आणि रीट्रायमुळे महिनोन्‌महिने हिरवी दिसत होती. एका दुपारी मी तिचे स्क्रीनशॉट एकेक करून बघितले, तर ऑर्डरच्या यादीत एकच ऑर्डर दोनदा! पहिल्या क्लिकनंतर बटण बंद व्हायला क्षणभर उशीर व्हायचा, आणि टेस्टचा दुसरा क्लिक कधीकधी त्या फटीत शिरायचा. माणसाचाही शिरत असणारच. फ्लेकी टेस्ट नव्हती, फ्लेकी अ‍ॅप होतं. रीट्राय ठेवायचाच असेल तर निदान दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टची वेगळी यादी रोज सकाळी समोर येऊ द्या.

जी टेस्ट लगेच दुरुस्त होत नाही तिला मुख्य रनमधून बाजूला काढा, पण तिच्यावर पुणेरी पाटी लावून: का बाजूला काढली, कोण बघणार, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की टेस्ट डिलीट. हो, डिलीट. मी एकदा पिनकोडच्या १४ टेस्ट उडवल्या होत्या. पाच आकडी, सात आकडी, अक्षरं घातलेला, रिकामा. आणि प्रत्येक वेळी ब्राउझर उघडून, लॉगिन करून, चार पानं ओलांडून तिथे जायचं. डेव्हने तेच सगळं युनिट टेस्टमध्ये (ब्राउझरशिवाय कोडचा छोटा तुकडा तपासणाऱ्या टेस्टमध्ये) घेतलं, ते सेकंदाच्या आत संपतं. ब्राउझरमध्ये एकच ठेवली: चुकीचा पिनकोड दिला तर संदेश दिसतो का. टेस्ट पिरॅमिडचं चित्र तुम्ही पाहिलं असेलच: तळाला भरपूर युनिट टेस्ट, टोकाला मोजक्या ब्राउझरच्या. तुमचा पिरॅमिड बहुधा डोक्यावर उभा आहे.

चार तासांचं बोलायचं तर आधी लॉगिन मोजा. लॉगिनला १२ सेकंद धरले तर ६५० टेस्टचे ७,८०० सेकंद, म्हणजे दोन तास दहा मिनिटं नुसतं युजरनेम-पासवर्ड टाइप करण्यात. लॉगिनचं पान तपासणाऱ्या दोन-तीन टेस्ट सोडून बाकीच्यांना एपीआयने (पान न उघडता थेट सर्व्हरशी बोलून) सेशन मिळवून कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, देता येते.

आणि हिरव्यांवरही एकदा संशय घ्या. एखाद्या डेव्हला वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीत) मुद्दाम सवलतीचा हिशोब उलटा करायला सांगा आणि किती टेस्ट लाल होतात ते बघा. आम्ही केलं तेव्हा सवलतीच्या नऊ टेस्टपैकी दोनच पडल्या. बाकीच्या सात पान उघडतंय एवढंच बघत होत्या. हे काम आपोआप करणारी टूल्सही आहेत, जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पण सुरुवात हातानेच करा, जास्त कळतं.

राहता राहिले मॅनेजर. त्यांना ‘रिफॅक्टरिंगला (जुना कोड नीट लावायला) वेळ द्या’ असं म्हणू नका, तो शब्द ऐकला की त्यांना वेळ वाया जाताना दिसतो. मी माझ्या मॅनेजरना एका सकाळी साडेनऊला शेजारी खुर्ची देऊन बसवलं होतं. त्या दिवशी ३५ लाल होत्या. रीरन केला, २९ हिरव्या झाल्या. उरलेल्या सहांपैकी खरा बग कोणता ते आम्ही दोघं मिळून शोधत बसलो. मधे दोनदा चहा झाला, सापडला तेव्हा कॅन्टीनमध्ये जेवण सुरू झालं होतं. नव्या टेस्टचा विषय त्यांनी स्वतःच दोन स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे) पुढे ढकलला.